पेटी शेवटी घ्या

मिरजेला मामांच्या बैठकीच्या खोलीत टीव्हीखालच्या कपाटात एक काळी पेटी आहे. तिला चार कप्पे आहेत आणि प्रत्येक कप्प्यात ८ टीबीची एक डिस्क. निवृत्तीचे पैसे आले तेव्हा मामांनी ती मोठ्या हौसेने घेतली. पंचवीस वर्षांत जमवलेल्या चित्रपटांच्या आणि नाटकांच्या व्हीसीडी, डीव्हीडी, दोन्ही मुलींच्या लग्नांच्या कॅसेट, नातवंडांचे फोनवरचे व्हिडिओ हे सगळं एका जागी यावं आणि खुर्चीत बसून रिमोटने लावता यावं, एवढीच त्यांची इच्छा होती. दुकानदार म्हणाला, "साहेब, हीच न्या, दहा वर्षं परत बघायला नको." पेटी आली, जोडली गेली, आणि धाकट्या नातीच्या बारशाचा व्हिडिओ दर चार-पाच सेकंदांनी अडकायला लागला.

दिवाळीत मी गेलो तेव्हा मामांनी चहा व्हायच्या आधीच मला त्या कपाटापुढे बसवलं. दोन दिवस खपून एवढं कळलं की पेटी बिघडलेली नव्हती. खरेदीचा क्रम उलटा झाला होता. आधी पेटी घेतली, मग डिस्क, मग वायर, आणि चित्र ज्याच्यावर दिसणार त्या टीव्हीचा विचार सगळ्यात शेवटी. घरच्या घरी चित्रपट आणि व्हिडिओ बघण्यासाठी साठवणुकीची सोय करायची असेल तर विचार टीव्हीपासून सुरू करावा आणि मागे मागे येत पेटीपर्यंत पोचावं, असं माझं ठाम मत त्या दोन दिवसांत झालं.

या पेटीला नॅस म्हणतात, म्हणजे नेटवर्क अटॅच्ड स्टोरेज. एरवी आपण हार्ड डिस्क संगणकाला जोडतो. ही पेटी घरच्या राउटरला जोडतात. तिच्यात स्वतःचा छोटा संगणक असतो आणि ती दिवसरात्र चालू राहते, त्यामुळे घरातला टीव्ही, फोन, लॅपटॉप कुणीही तिच्याकडे फाइल मागू शकतं. चित्रपटांच्या बाबतीत तिची दोन कामं असतात. एक गोदामाचं: वस्तू नीट ठेवायची आणि मागितली की द्यायची. दुसरं थिएटरातल्या ऑपरेटरचं: समोरच्या पडद्याला चालेल अशा रूपात चित्र पाठवायचं. गोदामाचं काम स्वस्तातली पेटीही उत्तम करते. खर्च वाढतो आणि फसगत होते ती ऑपरेटरच्या कामात.

ते का, हे समजायला व्हिडिओची फाइल कशी बनते ते पाहावं लागेल. फोनने काढलेल्या ४के चित्राच्या एका चौकटीत ३८४० गुणिले २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख ठिपके असतात. सेकंदाला ३० चौकटी धरल्या तर सेकंदाला जवळपास २५ कोटी ठिपके. हे जसंच्या तसं साठवणं परवडत नाही. म्हणून आधीच्या चौकटीत जे होतं ते पुन्हा न लिहिता फक्त बदल लिहायचा, अशा युक्त्यांनी ते दाबून बसवतात. दाबण्याच्या आणि उलगडण्याच्या या पद्धतीला कोडेक म्हणतात. व्हीसीडीत एमपीईजी-१ होता, डीव्हीडीत एमपीईजी-२. २००३ मध्ये एच.२६४ आला आणि आज अगदी साध्या टीव्हीलाही तो कळतो. २०१३ मध्ये आलेला एचईव्हीसी तेवढ्याच प्रतीचं चित्र साधारण निम्म्या जागेत बसवतो. २०१७ पासून आयफोन त्यातच चित्रण करतात आणि अनेक अँड्रॉइड फोनही. २०१८ मध्ये एव्ही१ आला.

मामांचा टीव्ही २०१४ चा. चित्र आजही सुरेख आहे, पण एचईव्हीसी त्याला कळत नाही. नातीचं बारसं जावयांच्या नव्या फोनवर एचईव्हीसीमध्ये काढलेलं. मग पेटीला काय करावं लागत होतं? फाइल उघडायची, सेकंदाला २५ कोटी ठिपके उलगडायचे, चित्र टीव्हीच्या मापाचं लहान करायचं, पुन्हा एच.२६४ मध्ये दाबायचं आणि पुढे पाठवायचं, तेही चालत्या व्हिडिओच्या वेगाने. याला ट्रान्सकोडिंग म्हणतात. पेटीचा प्रोसेसर शंभर टक्क्यांवर जाऊन बसला होता आणि तरी मागे पडत होता.

हे काम करायला प्रोसेसरमध्येच एक वेगळं सर्किट असू शकतं. इंटेलने २०११ पासून आपल्या प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सच्या भागात ते द्यायला सुरुवात केली. त्याचं नाव क्विक सिंक. ते असलं की जे काम मुख्य प्रोसेसरला घाम फोडतं ते जवळजवळ फुकटात होतं. २०२३ मध्ये आलेला इंटेलचा एन१०० हा प्रोसेसर फक्त ६ वॅटच्या वर्गातला आहे, पण ४के व्हिडिओचं रूपांतर तो सहज करतो. उलट, या सर्किटाविना असलेला दमदार प्रोसेसरही इथे अडखळतो. एकाच कंपनीची दोन मॉडेलं पाहा. सिनॉलॉजीच्या डीएस९२३+ मध्ये चार कप्पे आणि एएमडीचा आर१६०० प्रोसेसर आहे. त्याला ग्राफिक्सचा भाग नाही. तिच्याच डीएस२२४+ मध्ये दोनच कप्पे, किंमतही कमी, पण आत इंटेलचा जे४१२५ आहे आणि त्यात क्विक सिंक आहे. कार्यालयातल्या फायलींसाठी पहिली पेटी सरस. घरी ट्रान्सकोडिंग करायचं असेल तर दुसरी. मामांची पेटी या दोन्हींपेक्षा वेगळी, पण गोष्ट तीच. दुकानातल्या पाटीवर कप्पे, टीबी आणि रॅम ठळक लिहिलेले असतात, ग्राफिक्सबद्दल ओळही नसते. तेव्हा प्रोसेसरचं नाव विचारून घ्या आणि त्यात व्हिडिओसाठीचं सर्किट आहे का ते स्वतः शोधा.

पण त्याही आधी एक प्रश्न विचारायला हवा: ट्रान्सकोडिंगची गरजच का पडावी? मामांच्या घरी आम्ही पेटी बदलली नाही. टीव्हीच्या मागे एचडीएमआयला लावायची एक ४के स्ट्रीमिंग स्टिक पाच-सहा हजारांत आणली. तिला एचईव्हीसी कळतो. आता पेटी फाइल जशीच्या तशी पुढे सरकवते, स्टिक ती उलगडते आणि टीव्हीला तयार चित्र देते. पेटीच्या प्रोसेसरचा आकडा शंभरावरून तीन-चार टक्क्यांवर आला. बारसं न अडकता शेवटपर्यंत दिसलं.

म्हणून पेटी घेण्याआधी हा प्रयोग घरी जरूर करा. आपल्याकडच्या वेगवेगळ्या प्रकारच्या दहा फाइली निवडा: जुन्या डीव्हीडीतली एक, फोनमधली एक, कॅमेऱ्यातली एक, कुणी पाठवलेली एक. त्या पेन ड्राइव्हवर घालून टीव्हीला लावा. पेन ड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केलेला असावा, कारण जुन्या फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसतच नाही. ज्या फाइली टीव्ही थेट दाखवतो त्यांना कुठलीही स्वस्त पेटी चालेल. ज्या दाखवत नाही त्यांची यादी करा. चित्र दिसतं पण आवाज नाही, असं झालं तर बहुधा डीटीएस ध्वनी असतो. बऱ्याच टीव्हींना तो वाजवता येत नाही. उपशीर्षकांचाही त्रास होतो. मजकुराची उपशीर्षकं टीव्ही स्वतः दाखवतो, पण ब्लू-रेवरची उपशीर्षकं चित्ररूपात असतात आणि ती बहुतेकदा पेटीला चित्रावर छापून द्यावी लागतात, म्हणजे पुन्हा ट्रान्सकोडिंग. जुन्या मराठी उपशीर्षकांच्या फाइली युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये असतील तर पडद्यावर नुसती निरर्थक अक्षरं येतात. त्या एकदाच युनिकोडमध्ये बदलून ठेवाव्या लागतात.

टीव्हीपासून मागे येताना पुढची पायरी वायरीची. इथे लोक उगाच घाबरतात. घरातल्या साध्या गिगाबिट जोडणीतून सेकंदाला १००० मेगाबिट जातात. डीव्हीडीला जास्तीत जास्त १० लागतात. इंटरनेटवरून येणाऱ्या ४के चित्रपटाला १५ ते २५ पुरतात. अगदी ४के ब्लू-रे डिस्कची मर्यादाही १२८ मेगाबिटची आहे. तेव्हा चित्रपट बघण्यासाठी १० गिगाबिटचे पोर्ट असलेली महागडी पेटी घेण्याची काहीही गरज नाही. पुन्हा पुन्हा लागणाऱ्या फाइली झटपट देणाऱ्या एसएसडी कॅशचीही नाही, कारण चित्रपट डिस्कवरून एका ओळीने, एकदाच वाचला जातो आणि साधी फिरती डिस्क सेकंदाला दीडशे एमबी आरामात देते.

अडचण होते ती अनपेक्षित ठिकाणी. बहुतेक टीव्हींच्या मागचा इथरनेट पोर्ट अजूनही १०० मेगाबिटचाच असतो, त्यामुळे ४के ब्लू-रेची मूळ फाइल वायर लावूनही मधेच अडकू शकते आणि त्याच टीव्हीच्या ५ गिगाहर्ट्झ वायफायवर मात्र नीट चालते. आणि हे वायफाय आपल्या आरसीसीच्या दोन भिंतींपलीकडे पार मलूल होतं. पेटी राउटरजवळ वायरीने जोडा, राउटर आणि टीव्ही शक्यतो एकाच खोलीत ठेवा. घराचं काम निघालंच असेल तर भिंतीतून कॅट-६ ची वायर टाकून घ्या. विजेच्या वायरीच्या त्याच पाइपातून मात्र नको.

आता साठा किती, हे मोजू. मामांच्या बाबतीत आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो. व्हीसीडीवरचा दोन तासांचा चित्रपट सव्वा जीबीच्या आसपास भरतो, कारण तिचा वेग सेकंदाला १.४ मेगाबिटच आहे. असे दीडशे चित्रपट आणि नाटकं धरली तर १९० जीबी. डीव्हीडी एका थराची असेल तर ४.७ जीबी, दोन थरांची असेल तर ८.५. सरासरी सहा धरून शंभर डीव्हीडींचे ६०० जीबी. लग्नांच्या आणि समारंभांच्या मिनी-डीव्ही कॅसेट चाळीस. डीव्ही चित्रणाला तासाला १३ जीबी लागतात, म्हणजे ५२० जीबी. सगळ्यांच्या फोनमधले फोटो आणि व्हिडिओ मिळून ७०० जीबी. बेरीज २ टीबीच्या किंचित वर. घेतलेल्या डिस्क किती टीबीच्या? ३२.

मामा बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे एका कप्प्यातच मावलं असतं की रे सगळं!" मावलं असतं. व्हीसीडी, डीव्हीडी आणि कॅसेट यांचा साठा आता वाढणार नाही. वाढतील ते फोनचे व्हिडिओ. ४के चित्रणाच्या एका मिनिटाला साधारण १७० ते ३५० एमबी लागतात, म्हणजे महिन्याला तासभर चित्रण केलं तरी वर्षाला १२० ते २५० जीबी. हे सगळं धरून त्यांना ४ टीबी पाच-सात वर्षं पुरले असते. हिशोब करताना एवढं मात्र लक्षात ठेवा की डिस्क बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात आणि संगणक १०२४ च्या, म्हणून ८ टीबीची डिस्क पेटीत सव्वासात दिसते. त्यात फसवणूक नाही.

डिस्क कोणती घ्यावी, हा प्रश्न मात्र वेळ देण्यासारखा आहे. जागा वाचवण्यासाठी काही डिस्कमध्ये माहितीच्या पट्ट्या एकमेकींवर थोड्या चढवून लिहितात, कौलारू छपरावरच्या कौलांसारख्या. या तंत्राचं नाव एसएमआर. त्यातल्या एसचा अर्थच कौलांसारखं एकावर एक चढवलेलं. आता मधलं एक कौल बदलायचं तर वरची चार उचलावी लागतात. डिस्कचंही तसंच होतं: वाचायला ती बरी, पण मधलं काही पुन्हा लिहायचं म्हटलं की शेजारच्या पट्ट्याही पुन्हा लिहाव्या लागतात आणि वेग कोसळतो. पेटीत एक डिस्क गेली आणि नवी घातली की ती पूर्ण नव्याने लिहिली जाते, तेव्हा हा दोष सगळ्यात महागात पडतो. एप्रिल २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलला मान्य करावं लागलं की नॅससाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या त्यांच्या रेड मालिकेतल्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्क एसएमआर होत्या आणि तसं कुठे लिहिलेलं नव्हतं. पुढे त्यांनी पट्ट्या अलग ठेवणाऱ्या, म्हणजे सीएमआर डिस्कना रेड प्लस असं वेगळं नाव दिलं. सीगेटच्या आयर्नवुल्फ डिस्क सीएमआर असतात. बिलावर मॉडेलचा पूर्ण क्रमांक लिहून घ्या आणि कंपनीच्या यादीत तो सीएमआर आहे ना ते पाहा. संगणकाच्या दुकानात साधी, स्वस्तातली डिस्क "हीपण चालते" म्हणून पुढे केली जाते. ती पेटीसाठी घेऊ नका.

एकाहून जास्त डिस्क कशाला, तर एक मेली तरी काम थांबू नये म्हणून. या रचनेला रेड म्हणतात. वर आलेल्या डिस्कच्या नावाशी तिचा संबंध नाही, उच्चार तेवढा सारखा. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी १९८८ मध्ये मांडलेली ही कल्पना. एक मोठी महागडी डिस्क घेण्यापेक्षा बऱ्याच स्वस्त डिस्क एकत्र जुंपाव्यात आणि त्यातली एखादी गेली तरी माहिती जाऊ नये, असा त्यांचा विचार होता. रेड-१ म्हणजे आरसा: दोन डिस्क, दोन्हींवर तेच. रेड-५ जास्त चतुर आहे. पहिल्या डिस्कवर ७ लिहिले, दुसरीवर ५, तर तिसरीवर त्यांची बेरीज १२ लिहायची. दुसरी मेली तर १२ वजा ७ करून ५ परत मिळतात. प्रत्यक्षात बेरीज द्विमान (बायनरी) पद्धतीची असते आणि ती आळीपाळीने सगळ्या डिस्कवर पसरलेली असते, पण तत्त्व हेच. तीन डिस्कच्या किमतीत दोन डिस्कइतकी जागा मिळते.

तरीही दोन टीबीच्या घरी आरसाच बरा. तो समजायला सोपा आहे आणि दुरुस्तीला सोपा आहे. मोठ्या डिस्कचा एक तोटा लोक विसरतात: ८ टीबीची डिस्क सेकंदाला १५० एमबीच्या वेगाने न थांबता लिहिली तरी पंधरा तास लागतात, आणि तेवढा वेळ उरलेल्या डिस्कवर भार असतो.

आणि आता या लेखातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. रेड म्हणजे दुसरी प्रत नव्हे. चुकून लग्नाचा फोल्डर पुसला तर तो आरशातूनही त्याच क्षणी पुसला जातो. पेटीवर वीज कोसळली, पेटी चोरीला गेली, घरात कृष्णेचं पाणी शिरलं, तर दोन्ही डिस्क एकदमच जातात. सांगली-मिरजेकडच्या माणसाला २०१९ च्या पुराची आठवण करून द्यावी लागत नाही. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रुजवलेला ३-२-१ चा नियम यासाठीच आहे: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. मामांच्या चार डिस्कचं आम्ही असं वाटप केलं. दोन आरशात ठेवल्या. तिसरी काढून यूएसबीच्या बाहेरच्या डबीत घातली, तिच्यावर सगळं उतरवलं आणि ती पुण्याला मोठ्या मुलीच्या कपाटात गेली. मुलगी गणपतीला आणि दिवाळीला येताना ती घेऊन येते, नवं भरून घेते, परत नेते. चौथी डिस्क कोरी ठेवली आहे, एखादी मेली तर घालायला. चित्रपटांच्या प्रती वाचवायची तशी निकड नाही, ते पुन्हा मिळतील. कॅसेट आणि फोनचे व्हिडिओ मिळून सव्वा टीबी आहेत आणि ते जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. पैसे कमी असतील तर पेटी लहान घ्या, पण ही बाहेरची डिस्क घ्याच.

वीज आणि उष्णता, दोन्हींवर थोडक्यात. दोन डिस्कची पेटी साधारण २० वॅट खाते, म्हणजे वर्षाला १७५ युनिट. युनिटला दहा रुपये धरले तर पावणेदोन हजार. हा खर्च खरेदीच्या वेळी कुणी सांगत नाही. वळवाच्या पावसात दिवे चार वेळा जातात-येतात, तेव्हा लिहिता लिहिता बंद पडलेल्या पेटीचं नुकसान होऊ शकतं. घरी इन्व्हर्टर असला तरी बॅटरी संपत आली हे तो पेटीला सांगत नाही. यूएसबीची वायर असलेला छोटा यूपीएस सांगतो, आणि पेटी स्वतःहून शिस्तीत बंद होते. मामांच्या बंद कपाटात डिस्कचं तापमान पन्नाशी ओलांडत होतं. सुताराला बोलावून मागची प्लाय कापून घेतली. ते चाळिशीत आलं.

पेटीवर चालवायचा प्रोग्राम पेटीपेक्षा जास्त टिकणारा निवडावा. पेटीसोबत कंपनीचा स्वतःचा व्हिडिओ प्रोग्राम मिळतो, पण त्याच्या भरवशावर राहू नये: सिनॉलॉजीने आपलं व्हिडिओ स्टेशन २०२४ मध्ये बंद केलं. प्लेक्स आणि जेलीफिन बऱ्याच कंपन्यांच्या पेट्यांवर किंवा साध्या संगणकावर चालतात. प्लेक्स देखणा आणि सोपा आहे, पण त्याला कंपनीचं खातं लागतं आणि क्विक सिंक वापरायचं तर पैसे मोजावे लागतात. जेलीफिन २०१८ च्या डिसेंबरात एम्बी या प्रोग्रामपासून फुटून निघालेलं मुक्त सॉफ्टवेअर आहे. पूर्ण मोफत, खातं नको. घरचे व्हिडिओच मुख्य असतील तर मी जेलीफिन सांगेन. तुमच्या टीव्हीसाठी त्याचं ॲप आहे का, तेवढं आधी बघून घ्या. ज्याला लिनक्सची थोडी सवय आहे त्याने एन१०० वाला छोटा संगणक आणि दोन डिस्क घेतल्या तरी सुरेख काम होतं.

हे प्रोग्राम फोल्डरच्या नावावरून चित्रपट ओळखतात आणि पोस्टर, कलाकार, वर्ष आपोआप लावतात. म्हणून नावात वर्ष हवंच. आचार्य अत्र्यांचा 'श्यामची आई' १९५३ चा, आणि त्याच नावाचा दुसरा चित्रपट २०२३ मध्ये आला; वर्ष नसेल तर मामींना हवा तो लागणार नाही. मी वर्ष इंग्रजी आकड्यांत लिहितो, म्हणजे प्रोग्रामचा गोंधळ होत नाही. नाटकं आणि लग्नं मात्र कुठल्याच यादीत सापडत नाहीत, तेव्हा त्यांचा विभाग घरगुती व्हिडिओ म्हणून वेगळा ठेवा आणि नावं स्वतः द्या. व्हीसीडीतल्या .डीएटी आणि डीव्हीडीतल्या .व्हीओबी फाइली आधी एमपी४ किंवा एमकेव्हीमध्ये करून घ्याव्या लागतात. मी बोलतोय ते विकत घेतलेल्या डिस्कबद्दल. चोरून उतरवलेल्या चित्रपटांसाठी कुणी पेटी घेऊ नये.

न्यू जर्सीतल्या धाकट्या मुलीलाही हे सगळं तिकडे बघता यायला हवं होतं. आपल्याकडचे बरेच इंटरनेटवाले एकच पत्ता अनेक घरांत वाटतात, त्यामुळे बाहेरून पेटीपर्यंत सरळ पोचता येत नाही. राउटरमध्ये दार उघडून ठेवण्याचा सल्ला कुणी दिला तर तो घेऊ नका. २०२२ च्या जानेवारीत डेडबोल्ट नावाच्या खंडणीच्या प्रोग्रामने इंटरनेटवर उघड्या असलेल्या क्यूनॅपच्या असंख्य पेट्यांमधल्या फाइली कुलूपबंद केल्या. त्याआधी जून २०२१ मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या माय बुक लाइव्ह या जुन्या पेट्या जगभर एकाएकी कोऱ्या झाल्या; त्यांना २०१५ नंतर सुरक्षेची एकही दुरुस्ती मिळाली नव्हती. लोकांचे वर्षानुवर्षांचे फोटो गेले. टेलस्केलसारखा प्रोग्राम दोन घरांमध्ये खासगी, कुलूपबंद वाट काढतो. आम्ही तोच बसवला. आता ती तिकडे रविवारी सकाळी स्वतःच्या लग्नातला सप्तपदीचा भाग मुलाला दाखवते.

आज कुणी मला विचारलं तर माझं उत्तर असं: दोन कप्प्यांची, ग्राफिक्स असलेल्या इंटेल प्रोसेसरची पेटी, ४ टीबीच्या दोन सीएमआर डिस्क, एक बाहेरची डिस्क, एक छोटा यूपीएस, आणि टीव्ही जुना असेल तर एक स्टिक. मामांनी जेवढे पैसे घातले त्याच्या निम्म्याहून कमी.

पण यातलं काहीही विकत आणण्याआधी माळ्यावर चढा आणि मिनी-डीव्ही कॅसेट खाली काढा. त्या उतरवायला चालू स्थितीतला जुना कॅमेरा आणि फायरवायरचा पोर्ट असलेला संगणक लागतो. तसे कॅमेरे आता नवे मिळत नाहीत, आणि ॲपलने २०२५ च्या मॅकओएसमधून फायरवायरची सोयच काढून टाकली. कॅसेट उतरते तीही चालत्या वेगानेच: एक तासाची कॅसेट, एक तास. मामांच्या चाळीसपैकी एकोणतीस झाल्या आहेत. अकरा उरल्या आहेत, आणि कॅमेऱ्याचं झाकण आता दोन-तीनदा दाबल्याशिवाय बसत नाही. तुमच्याकडे असा कॅमेरा असेल, तर तो या रविवारी बाहेर काढून चालतो का ते बघा.